पावसाळी वाहतूक : दैव आणि दायित्व

(कोकणातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जमीन, रोजगार, शिक्षण अशा प्रश्नांवरील चर्चेनंतर पावसाळ्यातील रस्तावाहतूक हा विषय काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ही बाब पोलिसांची, फार तर सार्वजनिक बांधकाम खात्याची. तिच्यात विचारसरणीचा संबंध कोठे येतो, असे काहींच्या मनात आले असेल. तो संबंध कोठे येतो, एवढेच आज मला मांडायचे आहे. एखादी आपत्ती समाज दैवाच्या खाती टाकतो की दायित्वाच्या, यावरून त्या समाजात कोणाच्या जिवाला किती किंमत आहे हे कळते. माझ्या मते पावसाळी रस्ता ही त्याची फार चांगली कसोटी आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. आता या मृतांची वर्गवारी पाहा. शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारे. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू अशा लोकांचे आहेत, की ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवचदेखील नव्हते. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो असे आपण म्हणतो. परंतु बंद काचांच्या मोटारीवर पडणारा पाऊस आणि डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन सायकल हाकणाऱ्या कामगारावर पडणारा पाऊस हे एक नव्हेत.

सावित्रीची रात्र

आता आपल्या परिसरातले उदाहरण घेऊ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडनजीक सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला. तो १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. शेजारी नवा पूल होता, परंतु मुंबईकडे जाणारी वाहने जुन्या पुलावरून जात. राजापूरहून बोरिवलीकडे आणि जयगडहून मुंबईकडे निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या व काही खाजगी वाहने त्या अंधारात सरळ नदीत गेली. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती, असे शासनाने नंतर सांगितले. पुढे नवा पूल विक्रमी वेगाने, १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या कामगिरीचे कौतुक अवश्य करावे. परंतु जो समाज १६५ दिवसांत पूल बांधू शकतो, तो एका रात्रीपुरता जुन्या पुलावर एक माणूस का उभा करू शकला नाही, हा प्रश्न त्या कौतुकात बुडू देऊ नये.

त्या रात्री वाहने थांबवली कोणी? पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या कामगाराच्या पूल गेल्याचे लक्षात आले, आणि त्याने रस्त्यावर येऊन येणारी वाहने अडवली. त्याच्यामुळे किती जीव वाचले याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. परंतु या घटनेचा अर्थ काय होतो तो पाहा. एका राष्ट्रीय महामार्गावर, ऐन पुरात, वाहतुकीचे नियमन करणारी यंत्रणा म्हणजे एक सहृदय नागरिक! त्या नागरिकाला आपण मनोमन वंदन करू. पण ज्या व्यवस्थेला योगायोगाने जागा असलेल्या माणसावर विसंबून राहावे लागते, ती व्यवस्था म्हणण्याच्या योग्यतेची नव्हे.

पुलाचे वय झाले होते, नदीला पूर आला होता, रात्र होती, पाऊस होता. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु यांतील एकही कारण त्या रात्री अकस्मात उपटलेले नव्हते. कोकणात ऑगस्टमध्ये पूर येतो हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. त्या रात्री उणीव होती ती एकाच गोष्टीची : पाणी अमुक खुणेच्या वर गेले की पूल बंद करायचा, तो कोणी बंद करायचा आणि त्याने तो बंद केला नाही तर उत्तर कोणी द्यायचे, हे आधी ठरलेले नव्हते.

तोच पाऊस, तेच डोंगर

‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते?’ असे यावर म्हटले जाते. या म्हणण्याचे उत्तर दूर शोधण्याची गरज नाही. त्याच डोंगरांतून, त्याच पावसात, त्याच सावित्री नदीवरून कोकण रेल्वेही जाते.

रेल्वेनेही याची किंमत मोजली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीनजीक दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला आणि पुन्हा माणसे गेली. तेव्हाही ‘निसर्गाचा कोप’ म्हणून फाइल बंद करता आली असती. तसे झाले नाही. डोंगरउतार कमी करणे, जाळ्या बसवणे, सैल दगड काढणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक दरवर्षी लागू होते. त्यात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि प्रवासाला लागणारा जादा वेळ आधीच धरलेला असतो. शेकडो गस्तवाले दिवसरात्र रुळांवरून चालतात. ठराविक स्थानकांवर पर्जन्यमापक यंत्रे आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पुराची पूर्वसूचना देणारी व्यवस्था आहे. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती या ठिकाणच्या उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यावी, असा चालकांना आदेश आहे.

याचा परिणाम काय झाला? १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली. वाहतूक जवळजवळ एक दिवस ठप्प झाली, गाड्या खोळंबल्या, प्रवाशांचे अतोनात हाल झाले. परंतु जीव गेले नाहीत. दरडी कोसळणे रेल्वेने थांबवलेले नाही. ते कोणालाच पूर्णपणे थांबवता येणार नाही. दरड आणि गाडी यांची गाठ पडू नये, एवढी व्यवस्था मात्र तिने केली.

रेल्वे आणि रस्ता यांची तुलना योग्य नाही, असा आक्षेप येईल आणि तो काही अंशी खरा आहे. सुमारे ७४० किलोमीटरच्या त्या मार्गाला एकच मालक आहे. रस्त्याला मालक अनेक. महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गावरस्ता जिल्हा परिषदेचा, शहरातला रस्ता नगरपालिकेचा. वाहतूक पोलिसांकडे, वाहनांची तपासणी परिवहन कार्यालयाकडे, हवामानाचा अंदाज वेधशाळेकडे आणि आपत्ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. शिवाय रुळावर प्रशिक्षित चालकच येतो. रस्त्यावर कालच परवाना घेतलेला तरुणही येतो. हे सर्व मान्य केले तरी त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? जबाबदाऱ्या विखुरल्या आहेत म्हणून काहीच करता येत नाही, हा तो निष्कर्ष नव्हे. विखुरलेल्या जबाबदाऱ्या एकत्र बांधणे हेच तर शासनाचे काम. त्याचसाठी समाज शासन नावाची संस्था पोसतो.

वेगाचे अर्थशास्त्र

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे आपण थोडी आकडेमोड सहन करालच.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद जातात असे रस्त्याची आखणी करताना धरले जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ४२ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण २० मीटरांत थांबेल. रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील आणि घर्षण निम्म्यावर आले असेल, तर तेच अंतर ४० मीटर होते. एकूण ८२ मीटर. आता वेग ताशी ४० वर आणा. त्याच ओल्या रस्त्यावर गाडी एकूण ४६ मीटरांत थांबते. घाटात धुके असून पन्नास मीटरपलीकडचे दिसत नसेल, तर ४० च्या वेगाने जाणारा चालक उभ्या ट्रकच्या अलीकडे थांबतो आणि ६० च्या वेगाने जाणारा त्यावर आदळतो. दोघांच्या कौशल्यात काडीचाही फरक नसेल. फरक आहे तो फक्त वेगाचा.

या सुरक्षिततेची किंमत किती? तीस किलोमीटरचा मार्ग ताशी ६० च्या वेगाने अर्ध्या तासात संपतो, ४० च्या वेगाने पाऊण तासात. म्हणजे पंधरा मिनिटे. ही किंमत शून्य नाही. चाळीस प्रवाशांच्या बसमध्ये पंधरा मिनिटे म्हणजे माणसांचे दहा तास. परंतु खरा प्रश्न पंधरा मिनिटे परवडतात की नाही हा नाही. ती कोणाच्या खिशातून जातात, हा आहे.

एखाद्या ट्रकचालकाने पावसात एकट्याने वेग कमी केला तर काय होते? माल उशिरा पोचतो, मालक बोलतो, पुढची खेप हुकते, कधी भाड्यातून कापून घेतले जाते. त्याच्यामागून भरधाव आलेला दुसरा चालक वेळेवर पोचतो आणि त्याला पुढचे काम मिळते. म्हणजे सावधपणाला दंड आणि बेपर्वाईला बक्षीस. त्या बेपर्वाईतून अपघात झालाच, तर त्याची किंमत मालक भरत नाही, माल मागवणाराही भरत नाही. ती भरतात चालकाची बायकामुले, समोरून येणारा दुचाकीस्वार आणि सरकारी रुग्णालय. लाभ एकाच्या पदरात आणि हानी तिसऱ्याच्या माथी, असा हा व्यवहार आहे. अशा परिस्थितीत ‘वाहने सावकाश चालवा’ एवढा उपदेश रंगवलेला फलक लावून शासनाला मोकळे होता येणार नाही. एकट्याने सावकाश जाणे हा तोट्याचा सौदा असेल. सर्वांनीच सावकाश जायचे ठरले तर कोणाचाच तुलनेने तोटा होत नाही. हे ठरवण्यासाठी नियम लागतो, आणि नियम करणे व्यक्तीच्या हातात नसते. रेल्वेने पावसाळी वेळापत्रकाने हेच साधले. तेथे सावकाश जाणारा चालक कामचुकार ठरत नाही. तो वेळापत्रक पाळणारा ठरतो.

हेच तत्त्व एसटीच्या चालकाला लावून पाहा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, अशी सूचना दरवर्षी निघते. तरीही २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नागपूर-नांदेड गाडी पुराच्या पाण्यात वाहून गेली आणि माणसे बुडाली. असे घडले की दोष चालकाच्या माथी मारणे सोपे असते. परंतु चालकाच्या जागी बसून पाहा. मागे प्रवासी ओरडत आहेत की आताच एक जीप गेली. पाण्याची खोली दाखवणारा खांब नाही, कठडा दिसत नाही, अडवायला पोलीस नाही, आणि आगारात उशिराचा जाब विचारला जाईल ही धास्ती मनात आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. मोटारीच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत आलेले वाहते पाणी तिला बाजूला ढकलू शकते आणि पाणी आणखी चढले तर बससुद्धा तरंगू लागते. हे ज्ञान चालकाला दिले पाहिजे, हे खरेच. पण ‘मी गाडी घालणार नाही’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकारही लेखी मान्य झाला पाहिजे. नकार दिल्याबद्दल त्याला ना वेतनात झळ लागावी, ना सेवापुस्तकात शेरा यावा.

गेल्या काही वर्षांत यात एका नव्या वर्गाची भर पडली आहे. मोबाइलवर मागवलेले जेवण आणि किराणा घरोघर पोचवणारी तरुण मुले भर पावसात दुचाकीवर दिसतात. पाऊस वाढला की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की काही ठिकाणी दर फेरीमागे पैसेही वाढवून दिले जातात. बाजाराच्या भाषेत याला प्रोत्साहन म्हणतात. मी याला धोक्याची खरेदी म्हणतो. ज्या तासाला रस्त्यावर येऊच नये त्याच तासाला रस्त्यावर येण्यासाठी हे पैसे दिले जातात, आणि ते न घेण्याची ऐपत त्या मुलाजवळ नसते. लाल इशाऱ्याच्या काळात अशा सेवा थांबवाव्यात आणि त्या काळाचा किमान मोबदला द्यावा, ही मागणी कामगार चळवळीने आता केली पाहिजे. वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्याने घातली. कागदावर ती पासष्टीकडे झुकली आहे. महामार्गावर ती अद्याप जन्मलेली नाही.

दोन आक्षेप

दोन आक्षेपांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा, की शासनाच्याच आकडेवारीनुसार बहुसंख्य अपघात स्वच्छ हवामानात होतात. मग पावसाचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर असे की वर्षातील बहुतेक दिवस हवामान स्वच्छच असते, तेव्हा बहुतेक अपघातही तेव्हाच होणार. जोखीम मोजायची ती त्या त्या तासाची. आणि दुसरे असे, की पाऊस नवे दोष निर्माण करतो त्यापेक्षा असलेले दोष उघडे पाडतो. साईडपट्टी खचलेली, गटार बुजलेले, वळणावर परावर्तक नाहीत, खड्डा न भरलेला. उन्हात या चुका माफ होतात. पावसात माफ होत नाहीत. पाण्याने भरलेला खड्डा आणि सपाट रस्ता वरून सारखेच दिसतात. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यावरून पायी घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पायी चालणेही वाहतूकच आहे, हे आमच्या नियोजनात अद्याप शिरलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रस्ते बंद केले तर गरिबांचेच हाल होतात. हे अगदी खरे आहे. भोर-महाड मार्गावरील वरंधा घाट अलीकडच्या पावसाळ्यांत वाहतुकीसाठी बंद ठेवण्याचे आदेश निघतात. दरडींचा धोका पाहता ते योग्यच. परंतु घाट बंद झाला की लांबच्या वळशाचे भाडे कोण भरतो? भाजीवाली भरते, रुग्ण भरतो, मजूर आपल्या खाड्याने भरतो. म्हणून माझे म्हणणे असे की रस्ता बंद करण्याचा आदेश हा अर्धाच आदेश असतो. पर्यायी मार्गाने एसटीची फेरी, तीही जुन्याच भाड्यात. घाटाच्या दोन्ही बाजूंना रुग्णवाहिका. आणि रस्ता केव्हा सुरू होणार याची रोजची माहिती, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. पहिला अर्धा काढून दुसरा विसरणारे प्रशासन लोकांना चोरवाटांनी जाण्यास भाग पाडते आणि मग लोक नियम पाळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावते.

कायदा आहे, अंमल हवा

या सर्वांसाठी नवा कायदा हवा का? माझ्या मते नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे वाहतुकीवर बंदी वा मर्यादा घालता येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ३४ जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक नियंत्रित करण्याचा अधिकार देते. आणि तो आपत्ती आल्यावरच नव्हे, आपत्ती येऊ घातली असतानाही वापरता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले; रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल विहित मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आणि ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याचा आदेश दिला. जिवाचे मोल सहा लाख असते असे कोणी म्हणणार नाही. पण दैवाच्या खात्यातील एक नोंद न्यायालयाने दायित्वाच्या खात्यात टाकली, हे महत्त्वाचे.

उणीव आहे ती इशारा आणि कृती यांची सांगड घालण्याची. हवामान खाते आता पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जिल्हावार देते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर अत्यंत जोरदार, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. आता नारिंगी इशारा आला की अमुक घाटात जड वाहने थांबतील, वेगमर्यादा ४० वर येईल आणि अमुक तीन पुलांवर माणूस बसेल. लाल इशारा आला की अमुक रस्ता सूर्यास्तानंतर बंद होईल, असा तक्ता प्रत्येक तालुक्यासाठी मे महिन्यातच तयार होऊन प्रसिद्ध का होऊ नये? उत्तर प्रदेशातील यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळी धुक्याच्या दोन महिन्यांत वेगमर्यादा खाली आणली जाते. धुक्यासाठी जे तेथे सुचले ते पावसासाठी येथे सुचायला हरकत नसावी.

शहरांत याच तत्त्वाचे दुसरे रूप दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस कोणतीही गटारे पोटात घेणार नाहीत. परंतु त्या दुपारी लाखो माणसे घरी पोचण्यासाठी बाहेर पडली आणि रस्त्यांवर अडकली. काही जण तर बंद मोटारींत गुदमरून गेले. अशा वेळी कचेऱ्या आणि कारखाने टप्प्याटप्प्याने सोडणे, शाळेतील मुलांना तेथेच थांबवून घेणे आणि त्यांच्या खाण्यापिण्याची सोय करणे, सखल भागातील भुयारी रस्ते पाणी भरण्यापूर्वी बंद करणे, हे सगळे वाहतूक नियमनच आहे. कधी कधी सर्वांत सुरक्षित वाहतूक म्हणजे न केलेला प्रवास. पण घरी राहिल्याने ज्याची रोजी बुडते, त्याला ‘घराबाहेर पडू नका’ हा सल्ला म्हणजे क्रूर थट्टा होय. लाल इशाऱ्याच्या दिवसाची मजुरी हा म्हणूनच रस्ता सुरक्षेचा भाग आहे.

आपण काय करावे

शेवटी कार्यकर्त्यांच्या हाती काय आहे ते सांगतो. पूर्वी प्रत्येक रस्त्यावर मैलकुली असत. कुदळ-फावडे घेऊन ते आपापल्या मैलाची गटारे मोकळी करीत, मोऱ्या साफ करीत, कोठली दरड सैल झाली आहे हे त्यांना ठाऊक असे. ती पदे घटत गेली आणि देखभाल कंत्राटावर गेली. कंत्राटदाराला रस्त्याची लांबी ठाऊक असते. मैलकुलीला त्याचा स्वभाव ठाऊक असे. रोजगार हमीच्या पहिल्या कायद्याचा मान महाराष्ट्राचा आहे आणि त्या योजनेतून गावोगावचे रस्ते झाले. त्याच परंपरेत, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी गावातल्याच तरुण-तरुणींना रस्त्याच्या गस्तीचे पगारी काम द्यावे, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. त्यांना शिट्टी, विजेरी, परावर्तक अंगरखा, विमा आणि रस्ता अडवण्याचा लेखी अधिकार मिळावा. महाडच्या त्या कामगाराने अधिकाराविना जे केले, ते अधिकारानिशी करणारी माणसे प्रत्येक धोक्याच्या जागी असावीत.

परंतु ही मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यातील आपल्या शाखेने यंदा मृगाच्या आधी तीन कामे करावीत. पहिले, जुन्या माणसांना, एसटीच्या चालक-वाहकांना, रिक्षावाल्यांना आणि मैलकुलींना विचारून तालुक्यातील धोक्याच्या जागांची यादी करावी : कोणत्या फरशी पुलावर पाणी चढते, कोठे दरड येते, कोणत्या वळणावर धुके उतरते, कोठे झाड झुकले आहे. ही माहिती कोणत्याही उपग्रहापेक्षा या लोकांजवळ अधिक नेमकी असते. दुसरे, ग्रामपंचायतीला घेऊन अशा प्रत्येक पुलाजवळ उंचीच्या खुणांचा खांब उभा करावा आणि ‘या खुणेवर पाणी आल्यास पूल बंद’ असे मोठ्या मराठी अक्षरांत रंगवून घ्यावे. तिसरे, ती यादी तहसीलदार, बांधकाम उपविभाग, पोलीस ठाणे आणि एसटी आगार या चौघांना लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवावी.

या पोचपावतीला मी विशेष महत्त्व देतो. उद्या एखाद्या जागी अनर्थ घडला आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे कोणी म्हणू लागले, तर ती पावती बोलेल. आणि ती पावती आपल्या हाती आहे हे ठाऊक असेल, तर बहुधा तसे म्हणण्याची वेळच येणार नाही, कारण त्या जागेची दुरुस्ती आधीच झालेली असेल. दायित्व असेच, एकेका पुलाने आणि एकेका मोरीने प्रस्थापित होत असते. मृगाला फारसे दिवस उरलेले नाहीत. यादीला आजच प्रारंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.